कोरा रकाना
स्पिरिटचा वास आला की धुळ्याच्या एका रुग्णालयातली उन्हाळ्याची दुपार आठवते. त्या सकाळी मी तिथली रुग्णांच्या नोंदींची संगणक प्रणाली एकाऐवजी दोन सर्व्हरवर टाकली होती. पण एका सर्व्हरवर सुरू झालेली नोंद शेवटपर्यंत त्याच सर्व्हरकडे राहावी, नाहीतर ती अर्धवट हरवते, ही सेटिंग करायला विसरलो होतो. दुपारी वॉर्डातल्या एक सिस्टर धावत आल्या. "भाऊ, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी मी आत्ताच भरली होती, आता रकाना कोरा दिसतोय!" आम्ही वॉर्डात पोचलो, तेव्हा दुसरी सिस्टर तोच कोरा रकाना बघून पेनिसिलिनची सुई भरत होती. रुग्णाच्या बायकोने तिचा हात घट्ट धरला होता. "यास्ले ती सुई चालत नही!" तासाभरात मी चूक दुरुस्त केली. पण त्या दिवशी आणखी कुणाकुणाच्या नोंदी हरवल्या, हे मला आजही माहीत नाही.