कोरड्या समुद्रावरची नावाडीण

ती कवळ्या बनवायची. दिवसभर पांढऱ्या उजेडात बसून मेणाच्या हिरड्यांत दात रोवायचे, साचा उकळायचा, घासायचं, चकाकी आणायची. लॅबमध्ये सगळे तिला दातवाली म्हणत, आणि इंटरनेटवर एखादं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं तेच घेतलं. लॅबमध्ये तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. तिथे मात्र लोक तिला घाबरत.

तिथे म्हणजे एका खेळाच्या साइटवर. हा खेळ टेबलाभोवती बसून बोलून खेळतात. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात: कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी हाकलून दिलेला राजपुत्र. आपण काय करणार ते सांगायचं, ते साधलं की नाही हे फासे ठरवतात. जग सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. नियमांचं मूळ पुस्तक कंपनीचं असतं. पण त्यात न मावलेली शहरं, राक्षस, शाप, तळघरं हौशी लोक घरी बसून लिहितात, नकाशे काढतात आणि साइटवर चढवतात. त्यांना पुरवण्या म्हणतात. दातवाली कित्येक वर्षं या पुरवण्यांची परीक्षणं लिहीत आली होती.

एका किल्ल्याबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘दरवाजे पुष्कळ आहेत, उघडावासा एकही वाटत नाही.’ एका ड्रॅगनबद्दल, ‘हा फार जुना आहे असं लेखक सांगतो, ड्रॅगनला ते माहीत नसावं.’ लोक चिडत, दातओठ खात, आणि पुढची पुरवणी पुन्हा तिच्याकडेच धाडत. कारण बाकीचे परीक्षक पानं चाळून पाठ थोपटून मोकळे होत, ती खेळून बघे. तिचा नियम असा होता की पुस्तक आधी वाचायचं नाही. वाचणार फक्त गेम मास्टर. आपण खेळाडू होऊन आत शिरायचं आणि टेबलावर जे घडेल त्यावर लिहायचं. प्लॅस्टरच्या साच्यावर कुठलीही कवळी सुंदरच दिसते, असं ती म्हणायची. तोंडात गेल्यावर खरं काय ते कळतं.

त्यांची गेम मास्टर म्हणजे तिची थोरली नणंद, ताई. ताई गणवेशाच्या कारखान्यात कापडाच्या थप्प्या कापायची आणि भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायची. काहीही शेवटाला न नेणारी बाई अशी तिची घरात ख्याती होती. टायपिंग अर्ध्यावर सोडलं, पोहणं अर्ध्यावर सोडलं, एक ठरलेलं लग्नही अर्ध्यावर. भावाच्या लग्नात समोरची मोठी खोली तिनं सोडली, तेव्हा मात्र कुणी अर्ध्यावर वगैरे म्हणालं नाही. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं, की ताई एका टोकाला बसायची आणि तिचा आवाज बदलायचा. मोठा नाही व्हायचा. उलट खाली जायचा, आणि ऐकणाऱ्यांना पुढे वाकावं लागायचं. खेळाडू तीन: दातवाली, तिचा नवरा, जो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि वरच्या मजल्यावरची नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत.

त्या मोसमात त्यांनी ‘मिठाचं शहर’ नावाची पुरवणी खेळायला घेतली. लेखक कंदील. हेही साइटवरचंच नाव. कंदील सर्वांचा लाडका होता. नवख्यांना मदत करायचा, कुणाच्या वाढदिवसाला राक्षस बनवून भेट द्यायचा. त्याची कल्पना अशी की समुद्र आटला आहे, आणि तळाच्या मिठात लोकांनी शहर कोरलं आहे. शहरात पोचायचं तर कोरडा समुद्र ओलांडायचा.

एका रविवारी ताई म्हणाली, काठावर एक नाव उभी आहे. पाणी नाही. नावेत एक बाई वल्हं धरून बसली आहे, आणि ती सगळ्यांना पलीकडे नेते, नेहमी नेत आली आहे. भाडं म्हणून ती एक नाव मागते. तुम्हाला कुणीतरी ज्या नावानं हाक मारतं, असं एक. ते दिलं की तुम्हाला त्या नावानं पुन्हा कुणी हाक मारणार नाही.

सिस्टर आधी हसली. “माझ्या वॉर्डात निम्म्यांना स्वतःचंच नाव आठवत नाही. त्यांच्याकडून काय घेणार ती?”

“त्यांना ती फुकट नेते,” ताई म्हणाली.

मग कुणी हसलं नाही. दातवालीच्या चोरानं एक खोटं नाव देऊन बघितलं, तर नाव हललीच नाही. नवऱ्याची पाळी आली. तो बराच वेळ फासा बोटांत फिरवत राहिला आणि मग त्यानं स्वतःचंच एक नाव दिलं, लहानपणी आई हाक मारायची ते. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे समोर बसलेली ताई. ताईनं मान हलवली, नाव हाकारली. त्या दिवसानंतर तिनं भावाला त्या नावानं हाक मारली नाही. घरातसुद्धा नाही. मधूनच कधी तिनं काही सांगायला तोंड उघडलं, की भाऊ थांबायचा आणि वाट बघायचा.

दातवालीनं परीक्षण लिहिलं. एवढं लांब तिनं कधी लिहिलं नव्हतं, एवढं उघडपणे भारावूनही नाही. नकाशांना नावं ठेवली, बाजाराच्या प्रकरणाला नाक मुरडलं, पण नावाडीण ही या साइटवर आजवर आलेली सर्वांत खरी गोष्ट आहे असं म्हटलं. साइटवर आनंदीआनंद झाला. दातवालीनं कुणाला चांगलं म्हटलं म्हणजे अपूर्वाईच होती.

पाठोपाठ लोक विचारू लागले, नावाडीण कुठल्या पानावर आहे? आम्हाला सापडत नाही.

तिनं लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत पुरवणी उघडली आणि पहिल्यांदाच ओळीनं वाचली. कोरड्या समुद्राबद्दल त्यात एकच वाक्य होतं: पलीकडे पोचायला अर्धा दिवस लागतो. घरी येऊन तिनं ताईला विचारलं, तर ताई कांदा चिरता चिरता म्हणाली, “तिथे काहीच नव्हतं. म्हणून घातली.” आणि पुढे असंही म्हणाली की ती नेहमीच घालते, जिथे पोकळ लागेल तिथे, त्यात एवढं काय.

म्हणजे गेली कित्येक वर्षं दातवाली लोकांच्या पुस्तकांचं परीक्षण करत नव्हती. ती ताईचं परीक्षण करत होती. ज्या पुरवण्यांना तिनं शाबासकी दिली त्यांत ताई जास्त होती, ज्यांना झोडपलं त्यांत कमी. रात्रीच्या जेवणाला तिनं हे नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी हसला, आणि मग तिचा चेहरा बघून त्यानं भांडी घासायला घेतली.

दुरुस्ती लिहायला ती बसली तोवर कंदीलनं दुसरी आवृत्ती काढलीसुद्धा. मुखपृष्ठावर मिठाच्या काठाला एक नाव, नावेत बाई, आणि खाली दातवालीचं वाक्य: सर्वांत खरी गोष्ट. आत नावाडिणीचं अख्खं प्रकरण होतं, तिच्याच परीक्षणातल्या शब्दांत शब्द मिसळून लिहिलेलं. तिनं कंदीलला विचारलं, ही तुम्हाला कुठे मिळाली? त्याचं उत्तर प्रामाणिक होतं, आणि त्यानंच तिची जास्त पंचाईत झाली. त्यानं पुरवणीचे इतके खर्डे केले होते की तिचं परीक्षण वाचून त्याला वाटलं, नावाडीण आपणच कुठल्यातरी खर्ड्यात लिहिली असणार आणि छापताना गळली असणार. शोधली, सापडली नाही, म्हणून पुन्हा लिहून काढली. खरं कळल्यावर तो ओशाळला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ताईंचे आभार मानायला तयार होता.

आभार नकोत, तिनं कळवलं. ते प्रकरण ताईंचं आहे, तर लेखक म्हणून त्यांचं नाव तुमच्या नावाशेजारी हवं, मुखपृष्ठावर. नाहीतर मी परीक्षण दुरुस्त करीन आणि जे घडलं ते लिहीन.

मग काकांचा फोन आला. काका म्हणजे साइट चालवणारे. सगळ्यांना अरेतुरे करत, सगळ्यांची भांडणं मिटवत आणि त्यात कुणाला फारसं काही मिळू देत नसत. आधी त्यांनी तिच्या लिखाणाची तारीफ केली. मग म्हणाले, इथे सगळंच सगळ्यांचं आहे, टेबलावर बोललेल्या गोष्टीवर नाव कसं कोरणार? त्यातून परीक्षकानं आपल्याच नणंदेचं नाव पुढे करायचं, हे बरं दिसतं का? आणि तिनं पुस्तकात नसलेल्या गोष्टीची स्तुती केली हे एकदा जाहीर झालं, की परीक्षकांच्या यादीत तिला ठेवणं त्यांच्या हातात राहणार नाही. गप्प बसली तर ते कानाडोळा करायला तयार होते. “अगं, कुणाचं काय बिघडलंय यात?” ते म्हणाले.

ती म्हणाली, बघते. आणि फोन ठेवला. परीक्षक ही एकच गोष्ट होती जी तिनं स्वतःच्या बळावर मिळवली होती. बाकी कवळ्या ज्यांच्या तोंडात जात त्यांना तिचं नाव कधीच कळत नसे.

नवरा म्हणाला, “एका बोटीवरून एवढं? तीसुद्धा पाणी नसलेल्या?” आणि लगेच म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. ताईनं तर कानावर हातच ठेवले. नाव घेऊन काय करू, कारखान्यात हजेरी लागेल तेवढं पुरे, मी काही मागितलं होतं का तुझ्याकडे?

“नाही मागितलंत,” दातवाली म्हणाली. “मोठी खोली सोडतानाही नव्हतं मागितलं काही.”

ताईनं हातातलं फडकं झटकलं आणि ती आत निघून गेली. दोघी त्या आठवड्यात मोजकंच बोलल्या.

पुढच्या रविवारी सिस्टर खाली आली ती दुसरी आवृत्ती छापून घेऊनच. टेबलावर पुरवणी पडली होती, कुणी तिला हात लावत नव्हतं. ताईनं चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचायला लागली. ओठ किंचित हलत होते. मध्येच थांबली. पान उलटलं, पुन्हा मागे आली.

“हे काय आहे?”

कंदीलनं एक सोय करून ठेवली होती. फासे टाकायचे, मोठा आकडा पडला तर नावाडीण तुमचं नाव परत देते.

“ती परत देत नाही,” ताई म्हणाली.

खेळाडूंना फार वाईट वाटू नये म्हणून असेल, सिस्टर म्हणाली.

“वाईट वाटायलाच हवं. परत मिळणार असेल तर कशाला देतं कुणी विचार करून? खिशातली चिल्लर दिल्यासारखं देतील.” ताईचा आवाज तोच होता, खालचा, पण कुणाला पुढे वाकावं लागलं नाही. तिनं भावाकडे बघितलं. तो फाशाशी खेळत होता. “यानं काय फासे टाकून मिळवायला दिलं होतं ते?”

मग ती दातवालीकडे वळली आणि म्हणाली, “लिही. काय लिहायचं ते लिही. आणि ते माझं आहे, असं लिही.”

त्याच टेबलावर, त्याच दुपारी तिनं लिहिलं. परीक्षण मागे घेत नाही, दुरुस्त करते, अशी सुरुवात केली. मी न वाचता लिहिलं. मी जिची स्तुती केली ती या पुस्तकात नव्हती. ती आमच्या टेबलावर होती. दुसऱ्या आवृत्तीत जी आहे ती दुसरीच कुणी बाई आहे, तिला लोकांनी खुशाल आवडून घ्यावं. त्याखाली जे जसं घडलं ते सगळं. एकही विशेषण नाही. सिस्टरनं मोठ्यानं वाचून दाखवलं, नवऱ्यानं एक वाक्य फार लागट आहे म्हटलं, ते तिनं तसंच ठेवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते साइटवरून उतरवलं गेलं. तिच्या नावापुढचं परीक्षक हे बिरुदही गेलं. कुणी तिला मत्सरी म्हटलं, कुणी घरभेदी, जे या प्रकरणात कसं लागू होतं ते तिला कळेना. दोघातिघांनी मात्र उतरवण्याआधी मजकूर वाचला होता, आणि ते विचारत राहिले: मूळची नावाडीण कुठे मिळेल?

कुठेच मिळण्यासारखी नव्हती. ती फक्त एकदा बोलली गेली होती. म्हणून ताई लिहायला बसली. कारखान्यातून येऊन हातपाय धुवायचे आणि बसायचं. पुष्कळदा फाडलं. दातवालीनं एकदा शब्द सुचवला तर ताईनं तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा सुचवायला गेली नाही. अर्ध्यावर सोडेल, अशी धास्ती भावाला होती. तो येता जाता दारातून डोकावून जायचा. पानं थोडीच झाली, पण झाली.

चढवायला कुणाची परवानगी लागत नसे. साइटचा अभिमानच तो होता. तरी काकांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी या वेळी ताईलाच फोन केला. फार गोड बोलले. कंदीलच्या कल्पनेवर आधारित, एवढी एक ओळ घाला, आणि नाव परत मिळायची काहीतरी वाट ठेवा, मी स्वतः पहिल्या पानावर लावतो. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, नाही.

मग लोक खेळणार नाहीत हो, काका म्हणाले.

“नका खेळू,” ताई म्हणाली आणि फोन दातवालीच्या हातात दिला. दातवालीनं तो बंद केला.

मुखपृष्ठावर लेखकाचं नाव घालायचं राहिलं होतं. साइटवर सगळे टोपणनावानंच लिहितात, तुम्हीही एखादं घ्या, दातवाली म्हणाली, म्हणजे कारखान्यात कुणी विचारायला नको. ताईनं तिला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. एका बोटानं, कळ शोधत शोधत, तिनं आपलं पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट. मागे टेकून पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, ही अक्षरं याहून मोठी होतात का?

होतात, दातवालीनं सांगितलं.

“कर मग.”