शोधाची पहिली ओळ

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात त्यांच्याच संगणकासमोर बसले होते. एका डॉक्टरांना लहान मुलांच्या फिट्सवरचे लेख हवे होते. फोन ठेवला, यादी पुरी केली, प्रिंट काढली आणि मग बाथरूमचं दार लावून रडले. हातातलं काम अर्धवट टाकलेलं त्यांना खपत नसे...

परळच्या आमच्या रुग्णालयात त्या अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. राहायला ठाकूरद्वारला. मी लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. नवीन पदवी घेऊन रुजू झाले तेव्हा वाटायचं, वैद्यकीय लेखांच्या सर्च इंजिनमध्ये आजाराचं नाव टाकलं की झालं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी यादी परत केली. "अगं, हे हजारो लेख डॉक्टर वाचणार कधी? आणि या आजाराची जुनी नावं कुठायत?" त्यांचा एक नियम होता. शोधताना कोणते शब्द घातले, काय गाळलं, ते प्रिंटच्या माथ्यावर, पहिल्या ओळीत, स्वतःच्या हाताने लिहायचं. "यंत्राला जे विचारशील तेच ते देणार. म्हणून आधी आपला प्रश्न दाखवायचा." यादी पसंत पडली की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. एक शब्द जरी राहिला तरी खूण नाही, मग बाहेर मोठे सर्जन ताटकळत का बसेनात! मला पहिली खूण मिळायला चार महिने लागले. तोवर रोज घरी जाऊन आईपाशी चरफडायचे, "ती बाई भारी खडूस आसा गो." त्याच बाईच्या डब्यातली अर्धी पोळी मी रोज खात होते, ते मात्र आईला सांगत नसे.

गेल्या वर्षी ताईंना काविळीचं निमित्त झालं आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टर मोघम बोलत होते. एका दुपारी त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "शुभा, माझ्या स्टेजला माणसं किती जगतात, ते शोधून दे. वैदेहीला मेलबर्नहून कधी बोलवायचं, ते ठरवायला हवं." वैदेही त्यांची लेक.

मी शोधलं. बहुतेक लेख महिन्यांत बोलत होते, वर्षांत नाही. ते त्यांच्या हातात द्यायची माझी छाती झाली नाही. मग मी शोधात एक शब्द वाढवला, 'लाँग-टर्म सर्व्हायव्हर', म्हणजे पुष्कळ वर्षं जगलेले रुग्ण. साहजिकच फक्त तेवढेच वर आले. नऊ लेख, नऊही आशेचे. ताईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बराच वेळ थांबल्या... मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "बरं झालं गं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसला. रात्रंदिवस एकच धास्ती होती, की माझ्यामुळे लेक उशिरा येईल. पण वैदेही आठवड्यातच आली आणि शेवटचे सात आठवडे आईजवळ राहिली. तिला एवढ्या लवकर कसं बोलावलं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

परत जाण्यापूर्वी वैदेही ग्रंथालयात आली. "आईच्या पर्समध्ये होतं. तुमचंच काहीतरी दिसतंय," म्हणत तिने एकत्र टाचलेले दोन कागद दिले. वरची यादी ताईंनी स्वतः काढलेली, पहिली ओळ त्यांच्या अक्षरात. तोच प्रश्न, एकही शब्द न वाढवता, न गाळता. तारीख मला विचारलं त्याच्या आदल्या दिवशीची. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मग मला कशाला विचारलं? दुसऱ्या कुणाला तरी काही वेगळं सापडेल, एवढीच आशा असेल का... तेव्हापासून हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

खालचा कागद माझा. पहिल्या ओळीत, माझ्याच अक्षरात, तो वाढवलेला शब्द लिहिलेला होता. फसवतानाही हाताने त्यांची सवय मोडली नव्हती. त्यांनी तो वाचला होता.

आणि कोपऱ्यात पेन्सिलीची बरोबरची खूण होती.