अण्णांची पोच

"सर, अण्णा गेले."

फोन आला तेव्हा मी अकलूजला एका लग्नात होतो, हातात अक्षता आणि कानाशी लाउडस्पीकर. फोनवर शाहीन होती, माझ्या संपर्क कार्यालयात संगणकावर बसणारी. मी खेकसलो, "कुठं गेले? त्यांना म्हणावं, पत्राचा मजकूर आज छापखान्यात जायचाय. कुणाच्या तरी नळाला पाणी येतंय का ते बघायला गेले असतील पुन्हा!" मग ती रडायला लागली आणि मला कळलं. सकाळी नाश्ता करून बाहेर पडायला म्हणून उठले, ते तिथंच खाली बसले, म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं... सात आठवडे होत आले याला. अण्णांविषयी, म्हणजे सिद्धप्पा बिराजदार या माणसाविषयी, त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे असं, रागातलं. खरं सांगायचं तर ते होते तेव्हाही मी त्यांच्याशी फारसं वेगळं बोलत नसे. सहा-सात वर्षं त्यांनी माझ्या डोक्याला ताप दिला, आणि गेल्यावरही तो उतरलेला नाही.

ते आले कसे, ते सांगतो. पहिल्यांदा आमदार झालो तेव्हा मी दर महिन्याला एक चार पानी पत्रक काढायचं ठरवलं. नाव साधंच, 'आमदारांचं पत्र'. पाणी कुठल्या भागात कधी येणार, कुठली गटार झाली, रेशनकार्डाचं शिबिर कुठं आहे, निराधार बायकांपैकी कुणाची पेन्शन सुरू झाली, असला मजकूर. लोक म्हणाले, फोनवर पाठवा की. फोनवर पाठवतोच. पण माझ्या मतदारसंघात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, आणि घरातला एकुलता एक फोन खिशात घालून नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर गेला की दिवसभर त्या घराला काही कळत नाही. म्हणून कागद हवा होता आणि कागद वाटायला माणूस. अण्णा नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. आमच्या भागाचे पोस्टमन ते. माझ्या पहिल्या नोकरीचं पत्रही त्यांनीच आणून दिलेलं. चारचौघांत मला 'साहेब' म्हणायचे, खोलीत कुणी नसलं की 'बाळू'. फलकांवर मी बाळासाहेब झालो होतो, पण ते काही त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

पहिल्याच अंकात मी लिहिलं होतं, 'दिव्यांगांना तीनचाकी सायकलींचे वाटप पूर्ण.' तिसऱ्या दिवशी अण्णा पत्रांचा एक गठ्ठा परत घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही गल्ली राह्यली."

"का?"

"हितं लिवलंय वाटप पूर्ण. त्या गल्लीतल्या शंकरला सायकल मिळाली न्हाय की. त्येच्या हातात ह्यो कागद कसा दिऊ?"

मी म्हटलं, अण्णा, सायकल गोदामात आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. तर म्हणाले, "मग कागद बी पुडच्याच आठवड्यात देतो." आणि खरंच दिला नाही हो! अख्खी गल्ली आठवडाभर पत्राविना राहिली. मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशीच त्यांना नारळ द्यायला हवा होता, पण नाही दिला, आणि मग त्यांनी एक नियम काढला. त्यांचं म्हणणं असं की पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं नव्हे, ज्याचं त्यानं घेऊन सही केली म्हणजे पोचलं. पोस्टात रजिस्टर पत्राची पोच घेतात तशी आमच्या प्रत्येक कामाची पोच घ्यायची. ज्याच्यासाठी काम झालं त्याची सही किंवा अंगठा आणल्याशिवाय पत्रात ओळ छापायची नाही. वहीच्या कागदाचे चतकोर कापून त्यांनी चिठ्ठ्या तयार केल्या आणि सायकलीला पिशवी अडकवून निघाले. मला विचारलंसुद्धा नाही.

पुढं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. चार पानी पत्र दोन पानांवर आलं. एका महिन्यात तर अर्ध्या पानात आटोपलं: एक बोअर दुरुस्त, दोन रेशनकार्डं, एक पेन्शन. 'पाणीपुरवठा सुरळीत' असं मी लिहिलं की अण्णा ते खोडून आणायचे आणि वर लिहायचे, 'चवथ्या दिवशी आलं, पाऊण तास, धार बारीक.' खाली तीन बायकांच्या सह्या. माझ्या विरोधकांचं पत्रक गुळगुळीत कागदावर, पानापानावर हात जोडलेला फोटो. पक्षाच्या बैठकीत एकानं माझं पत्र सगळ्यांदेखत वर धरलं आणि विचारलं, "हे पत्र आहे का पोस्टकार्ड?" सगळे हसले. मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटलं, "राजकारणात राहायचं तर माणसाला जरा पोच लागते, अण्णा! तुम्हाला काही पोच आहे का?"

"हाय की," म्हणाले, आणि पिशवीत हात घालून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. तो विनोद होता का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. चेहरा नेहमीसारखाच कोरा होता.

एक मात्र कबूल करतो. त्या चिठ्ठ्या घेऊन मी अधिकाऱ्यांच्या बैठकीला गेलो की समोरच्यांची बोलती बंद व्हायची. 'त्या भागात पाणी येतं, साहेब' असं कुणी म्हणालं की मी सह्याच पुढं सरकवायचो. लोक पत्र जपून ठेवायला लागले. अण्णांनी आणलंय म्हणजे खरंच असणार, अशी म्हणच पडली. फायदा माझाच होत होता, तरी माझा राग काही कमी होत नव्हता. माझ्या नावानं निघणाऱ्या कागदावर लोकांचा विश्वास बसत होता तो वाटणाऱ्या माणसामुळे, हे कुठल्या आमदाराला सोसेल? त्यात त्यांच्या एकेक तऱ्हा. दुपारी माझ्याच टेबलावर कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणीचे कण फायलींवर, आणि आल्यागेल्याला "घ्या की" म्हणून आग्रह. अक्कलकोटकडचं कुणी आलं की तासभर कानडीत गप्पा. आणि मी काही सुचवलं की मान न हलवता एकच शब्द, "इल्ला." नाही म्हणजे नाही.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ ताकाला जाऊन भांडं लपवतोय.

दुसऱ्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. आमच्या भागातल्या छोट्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं आली. मी त्यासाठी मुंबईला किती खेटे घातले ते मलाच माहीत. फीत कापली, फोटो निघाले. पण यंत्रं चालवणारा तंत्रज्ञ नेमलेला नव्हता, त्यामुळे खोलीला कुलूप. मी अण्णांना म्हटलं, 'डायलिसिस केंद्र सुरू झाले' असं छापू, महिन्या-दोन महिन्यांत होतंयच. अण्णा म्हणाले, "पोच कुणाची घिऊ? मशीनची?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ओळ लिहिली, 'यंत्रे आली आहेत. चालवणारा माणूस अजून आलेला नाही.' ते मजकूर तपासून, खाली सही करून घरी गेले. मग मी छापखान्यात फोन केला आणि ती ओळ बदलून घेतली.

सकाळी बांधलेले गठ्ठे आले. अण्णांनी ते उघडून वाचले नाहीत. मजकूर त्यांनी आदल्या दिवशीच वाचला होता ना! दिवसभर उन्हात फिरून त्यांनी ते पत्र घरोघर दिलं. नरसम्माच्या हातातही त्यांनीच दिलं. नरसम्मा ही आमच्याच भागातली, बिड्या वळणारी बाई, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. तिथं तिचा नंबर ठरलेला होता. सुनेनं पत्र वाचून दाखवलं, तशी तिनं तो नंबर सोडून दिला. घराजवळ सोय झाली, आता कशाला तेवढ्या लांब? ठरल्या दिवशी दवाखान्यात गेली तर त्या खोलीला कुलूप. जुन्या ठिकाणी धावली तर तिची जागा दुसऱ्याला दिलेली. तीन दिवसांत तिच्या अंगात पाणी भरलं, श्वास घेता येईना. कुणीतरी अण्णांना कळवलं. त्यांनी तिला रिक्षात घालून तीन दवाखाने पालथे घातले, तेव्हा एका ठिकाणी घेतलं. वाचली... माझ्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी अण्णा कार्यालयात आले. मला वाटलं होतं ओरडतील, मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते बसले नाहीत. म्हणाले, "तिनं तुमच्यावर इश्वास न्हाय ठिवला, आमदार. माझ्यावर ठिवला." साहेब नाही, बाळू नाही, आमदार. आणि त्यांनी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. वर अण्णांचं अक्षर: 'पत्र पोचलं. डायलिसिसच्या खोलीला कुलूप होतं.' खाली नरसम्माची सही, तेलुगूत.

"ह्ये छापा," म्हणाले.

मी छापलं नाही. निवडणूक तोंडावर आली होती, कुठल्या तोंडानं छापणार? म्हटलं, निकालानंतर बघू. निवडून आलो. म्हटलं, आता कशाला उकरून काढायचं. चार-पाच महिन्यांनी तंत्रज्ञ आला, केंद्र खरोखर सुरू झालं. अण्णांनी पाच रुग्णांच्या सह्या आणल्या आणि ते छापलंही. मी म्हटलं, "झालं ना आता? आता तरी सोडा!" तर म्हणतात, "आता झालंय. तवा न्हवतं." अहो, भांडून निघून गेले असते तर बरं झालं असतं! ते गेले नाहीत. दर महिन्याला नेमानं पोच घेऊन यायचे आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ती एक चिठ्ठी, "ह्ये राह्यलंय." मी ती काढून ड्रॉवरमध्ये टाकायचो. पुढच्या महिन्यात ड्रॉवरमधून काढून पुन्हा वर. दीड-पावणेदोन वर्षं हे चाललं. चिडून चिडून माझंच रक्त आटायची वेळ आली. अकलूजला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती पुन्हा समोर ठेवली, तेव्हा मी म्हणालो, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती तुम्ही!"

"बगू की," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

आमची शेवटची भेट ती. त्या वाक्याचं काय करू, सांगा.

या रविवार पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, अण्णांवर काही लिहून द्या म्हणून. आधी मनात आलं, प्रामाणिक, निष्ठावंत, निःस्वार्थी असे चार शब्द लिहावेत आणि मोकळं व्हावं. तसलं मला झोपेतसुद्धा लिहिता येतं. मग वाटलं, ती ओळ निदान आता माझ्या पत्रात छापावी. पण मी स्वतःला ओळखतो. तिथं ती कोपऱ्यात, बारीक अक्षरात गेली असती. म्हणून इथं लिहितो. आमच्या भागातलं डायलिसिस केंद्र सुरू झाल्याचं मी त्या महिन्याच्या पत्रात छापलं, ते खोटं होतं. खोटं आहे हे मला माहीत होतं. अण्णांना फसवून ते मी छापलं आणि त्यांच्याच हातून वाटून घेतलं. नरसम्मा त्यात जिवाला मुकली असती. अण्णा, मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणतो.

हे लिहून झाल्यावर परवा मी नरसम्माच्या घरी गेलो. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती, डाव्या हाताला डायलिसिसच्या सुईवरची पट्टी. मी सगळं वाचून दाखवलं. दारात शेजारच्या बायका गोळा झाल्या. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा डोळे पुसले. मी खिशातून चतकोर कागद काढला, पेन पुढं केलं आणि म्हटलं, "बाई, एवढी सही करा."

"कशाची?"

"हे पोचल्याची."

तिनं पेनाला हात लावला नाही. म्हणाली, "अजून छापलं कुटं? छापून हातात येऊ दे. मग करते."

आमदार दारात उभा, पेन पुढं केलेला, आणि ही बाई परत बिड्यांकडे वळली! मला राग आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू. गाडीत बसेपर्यंत माझं डोकं तडकत होतं, आणि तेवढ्यात तिथंच, ड्रायव्हरसमोर, मला रडू फुटलं. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा.

आज रविवार. तुमच्या हातात ही पुरवणी असेल तेव्हा मी ती घेऊन तिच्या दारात असेन. सून रविवारी कामाला जाते आणि नरसम्माला मराठी वाचता येत नाही. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत मलाच मोठ्यानं वाचावं लागणार आहे, शेजारणींच्या देखत. मग ती सही करेल, नाहीतर नाही करणार.