लॅपटॉप म्या पुसला

सांगून थकलो की मला लिहायला लावू नका. पण कोमल मॅडम ऐकतील तर ना. त्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. शाळेच्या अंकासाठी त्यांनी विषय काढला, ‘क्लाउड लॅपटॉप : फायदे आणि तोटे’. पोरांनी निबंध दिले ते सगळ्यांचे एकसारखेच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग मॅडम माझ्या घरी आल्या, चहा प्याल्या आन् म्हणल्या, “मौलाचाचा, तुम्हीच लिहा. तुमच्याकडं लई किस्से हायत.”

असणारच की. म्या चौथी शिकलेला शिपाई. उभी हयात एकाच शाळेत घंटा वाजवली. फळ्याखाली खडूचा भुगा साठतो, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम साठवत न्हाय आन् कुणी झाडूनबी काढत न्हाय.

एक आधीच सांगून ठेवतो. माझ्या कमरेला शाळेच्या चाव्यांचा जुडगा असायचा. वय झाल्यावरबी संस्थेनं मला ठेवून घेतलं ते त्या चाव्यांसाठी. आता कमरेला जुडगा न्हाय. तो ह्या लॅपटॉपापायी गेला. तवा माझ्या हिशेबात तोटे जरा जास्त निघतील. पटलं तर वाचा.

*

आमचं गाव तेरपासून जवळ. गावचा एक जण पुण्यात मोठा झाला, त्यानं शाळेला लॅपटॉप दिले. लावून द्यायला लातूरचा एक पोरगेला माणूस आला. म्या एक खोकं उचललं तर जेवणाच्या डब्याएवढंबी वजन न्हाय. म्हणलं, रिकामंच दिलं का काय?

तो म्हणाला, “बाबा, आत काही नसतंच. सगळं वर, क्लाउडमध्ये. म्हणजे ढगात.”

म्हणलं, “भाऊ, हा धाराशिव जिल्हा हाय. हितं ढग येतो, तोंड दाखवतो आन् बार्शीकडं निघून जातो. त्याच्या भरवशावर आमी पेरत न्हाय, तुम्ही पोरांचे मार्क ठेवायला निघालाव.”

सगळा स्टाफ हसला. हेडसर तेवढे हसले न्हायत. म्हणाले, “मौला, तुम्ही खुर्च्या लावा.”

मला गप करायचं असलं की हेडसर खुर्च्या लावायला सांगायचे. खुर्च्या लावलेल्याच असायच्या.

*

ह्या लॅपटॉपाला नेट लागतं. नेट नसलं की तो नुसता आरसा. आन् आमच्या शाळेत रेंज कुठं? तर फाटकापाशी, लिंबाखाली. वर्गात न्हाय, ऑफिसात न्हाय. म्हणून म्या लिंबाखाली सतरंजी टाकून द्यायचो आन् सगळे मास्तर तिथं ओळीनं बसायचे. माना खाली, तोंडं पडलेली, कुणी कुणाशी बोलत न्हाय.

एकदा गावातली गयाबाई बाजार करून चालली व्हती. तिनं हे बघितलं, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, पदर सावरला आन् हळूच माझ्यापाशी आली.

“मौलाभाऊ, कोण गेलं?”

म्हणलं, “नेट गेलं.”

गयाबाई चुकचुकली. “लई वय झालं व्हतं का?”

*

आता फायदा. खोटं कशाला बोलू, फायदाबी हाय.

जाधव सर गणिताचे. त्यांचा लॅपटॉप मोटारसायकलवरून पडला आन् त्याच्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला. लॅपटॉपाचा पापड झाला. सर तोंड पाडून शाळेत आले. म्हणाले, सहामाहीचे सगळे मार्क त्यातच भरले व्हते, आता पेपर पुन्हा तपासायचे म्हणजे दिवाळी जाणार. हेडसरनी सुट्टीनंतर द्या म्हणून मोकळीक दिली. जाधव सर लई दुःखात हसले.

तेवढ्यात कोमल मॅडम म्हणल्या, कशाला काळजी करताय, आणा दुसरा. दुसऱ्या लॅपटॉपावर नाव टाकलं, पासवर्ड टाकला आन् सगळं जसंच्या तसं परत! पाठाचं टाचण आलं, सहलीचे फोटो आले, सरांच्या पोरीच्या वाढदिवसाचा केकबी आला.

फक्त मार्क तेवढे ट्रॅक्टरखाली गेले.

*

सुरुवातीला ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड असं व्हतं. त्यात रोज कुणीतरी पासवर्ड विसरायचं. हेडसर वैतागले. त्यांनी सगळ्यांसाठी एकच नाव आन् एकच पासवर्ड केला, तोच आपल्या मोबाइलातबी घातला आन् मीटिंगमध्ये सांगितलं, “शाळा एक, तर चावी एक.” असं म्हणून त्यांनी माझ्या कमरेच्या जुडग्याकडं बघितलं. मला तवाच ते बघणं आवडलं न्हाय.

एका चावीचा परिणाम लवकरच दिसला. जाधव सरांचे केस गळत व्हते. त्यांनी कवातरी गुपचूप टकलावरचा इलाज शोधला. तेवढ्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. हेडसरनी मोठ्या झोकात त्यांच्यापुढं आपला लॅपटॉप उघडला. तर स्क्रीनभर टकलाच्या जाहिराती. आधीचं टक्कल, नंतरचे केस. ह्या बाजूलाबी, त्या बाजूलाबी.

साहेबांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा हेडसरच्या दाट केसांकडं बघितलं. मान हलवली आन् म्हणाले, “गुण आला म्हणायचा.”

त्या दिवशी हेडसर येईल त्याच्यासमोर स्वतःचे केस ओढून दाखवत व्हते.

*

बॅटरीला मात्र नाव ठेवणार न्हाय. लाइट गेली की जुना कॉम्प्युटर हाय तिथं मरायचा. हा दिवसभर चालतो. लाइट नसंल तर नेटबी नसतं आन् नेट नसलं की त्याच्यावर काम व्हत न्हाय, ही गोष्ट येगळी. पण चालू राहतो. आमच्या शाळेत असे दोन-तीन मास्तरबी हायत.

*

आता चाव्यांचं.

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. सगळ्यांनी लेख टाइप केले. कोमल मॅडमनी माझ्याकडनंबी सांगून घेतलं. शाळा पहिल्यांदा बैलाच्या गोठ्यात कशी भरली, घंटा म्हणून रुळाचा तुकडा कुठनं आणला, सगळं. सगळी स्मरणिका त्या ढगात तयार झाली. छापायला द्यायची तेवढी राहिली.

सोमवारी हेडसर पुण्याहून, नातवाचं बारसं करून आले. लॅपटॉप उघडला. स्मरणिका गायब. एक ओळ शिल्लक न्हाय. परिपाठाची वेळ. पोरं मैदानात रांगेत, मास्तर समोर. हेडसर लॅपटॉप हातात घेऊनच बाहेर आले.

“हा लॅपटॉप कुणी पुसला?”

म्हणलं, “म्या पुसला.”

“कधी?”

“आज सकाळी. रोजच पुसतो.”

“कुणाला विचारून?”

“त्यात काय विचारायचं सर? घाण दिसली की पुसायची.”

हेडसरचं तोंड लाल झालं. “घाण? वर्षभर लोकांनी मेहनत केली, ती घाण?”

मला वाटलं, हेडसरला बारशाच्या जेवणानं पित्त झालंय. म्हणलं, “मेहनत केली म्हणून काय धूळ बसायची राहते का? पुसलं तर कसं स्वच्छ झालं बघा.”

पोरं हसली. हेडसरनी हात पुढं केला. “चाव्या द्या.”

म्या कडदोऱ्याची गाठ सोडायला लागलो. गाठ सुटंना. म्या ज्यांच्या बापांना कान धरून वर्गात बसवलं ती पोरं बघत व्हती. शेवटी जाधव सरांनी ब्लेड आणून दिलं. म्या दोरा कापला, जुडगा हेडसरच्या हातात ठेवला आन् घरी गेलो. माझ्या खांद्यावर पिवळं फडकं व्हतं. ओलं व्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं व्हतं. कशानं पुसलं, एवढं एकानंबी मला पुसलं न्हाय.

*

चार दिवसांनी कोमल मॅडम घरी आल्या. दारातच रडायला लागल्या. त्यांनी शोधून काढलं व्हतं. बारशाच्या दिवशी हेडसरच्या मोबाइलवर आलं की जागा भरली. पाळण्याचे फोटो बसंनात. हेडसरनी मोठ्यात मोठी वस्तू बघितली आन् काढून टाकली. चावी एक, म्हणून तिथं काढली ती शाळेतनंबी गेली.

पण ढगातबी केराची टोपली असती म्हणे. टाकलेलं काही दिवस तसंच पडून राहतं. हे मला पटलं. म्याबी ऑफिसातली टोपली लगेच कवा ओतत नव्हतो, कुणीतरी शोधत येतंच. मॅडमनी टोपलीतनं स्मरणिका काढली. पूर्ण. माझ्या गोठ्यासकट. हा लॅपटॉपाचा सगळ्यात मोठा फायदा, लिहून घ्या. फोडलेलं, टाकलेलं, पुसलेलं सगळं परत येतं.

चाव्या आल्या न्हायत. त्या दुसऱ्याकडं दिल्या त्या दिल्याच.

स्मरणिकेचा कार्यक्रम झाला. हेडसरनी भाषणात तंत्रज्ञानाचे आभार मानले. म्या मागच्या खुर्चीत व्हतो. खुर्च्या त्या दिवशी दुसऱ्यानं लावल्या, सगळ्या वाकड्या.

पुढं हेडसर रिटायर झाले, धाराशिवला राहायला गेले. परवा तिथल्या स्टँडवर गाठ पडली. म्या तेरच्या गाडीला थांबलो व्हतो. ते जवळ येऊन बसले, गुडघ्याचं विचारलं, पावसाचं बोलले. गाडी लागली तसा म्या उठलो. तवा म्हणाले,

“मौला, त्या गोष्टीचं मी तेव्हाच तुम्हाला सॉरी लिहिलंय. शाळेच्या क्लाउडवर टाकून ठेवलंय. तुम्ही बघितलं नाही का?”

माझा मोबाइल बटणाचा. म्या वर बघितलं. आभाळ कोरडं ठक्क.

गाडीत चढलो. खिडकीची काच धुळीनं भरली व्हती. म्या बोटानं तिच्यावर त्यांचं नाव लिहिलं आन् तेच हितं लिहितो. दत्तात्रय सोनटक्के, हेडसर. मॅडम, छापताना हे तेवढं कुणी पुसू नका.