दोरीच्या आतला फोटो

आमच्या गावच्या सोसायटीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा गोदामात जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं काम माझ्याकडे आलं. ते सालही दुष्काळाचंच होतं. टँकर चार दिवसांनी यायचा.

फोटो चौदा जमले. सगळ्यात जुना माझ्या चुलतीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर काढलेला, सात माणसं ओळीत. डावीकडून तिसरा माझा चुलता. त्याच उन्हाळ्यात तो विहीर खोदताना दरड कोसळून गेला. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

हा फोटो ओलीनं मऊ पडून दोन ठिकाणी काचेला चिकटू लागला होता. मी काच हळूच सोडवली. फोटो काचेपासून थोडा दूर ठेवणारी चौकट मांजरसुंब्याच्या सुताराला सांगितली होती, ती वेळेत आली नाही. म्हणून तो उघडाच, तिरप्या फळीवर कागदी कोपऱ्यांत बसवला. पश्चिमेच्या खिडक्यांना पोती लावली आणि तीन फुटांवर दोरी बांधली.

"फोटो हाय का नवी नवरी? हात लावू नका म्हणतो!" एक संचालक म्हणाले. सगळे हसले, पण दोरीबाहेर थांबले.

चुलती आली, तेव्हा दोरी मीच वर उचलली. फोटो तिचा होता. काच काढल्याचं तिला सांगायचं राहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला ते दिसलंही नसणार. घरी ती दर अमावास्येला काचेवर गंध लावायची. तिनं सोबत आणलेल्या वाटीत पाणी घालून कालवलेलं गंध बोटावर घेतलं आणि चुलत्याच्या कपाळावर टेकवलं.

"काकू, नको!" मी ओरडलो.

"कावून वरडतूस रे? पुसते की." तिनं पदराचं टोक वाटीत भिजवून दोनदा पुसलं.

मी हात धरेपर्यंत तिथं पांढरा कागद उरला होता. पदरावर काळपट डाग. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"तोंड गेलं का?"

"गेलं, काकू."

ती फळीखालच्या पोत्यावर बसली.

"बाजूच्या माणसाचं न्हाई ना पुसलं? त्याच्या लेकालाबी बापाचा ह्यो एकच फोटो हाय."

मी वाकून पाहिलं. शेजारच्याचा कान आणि अर्धा गाल गेला होता. तसं तिला सांगितलं.

"मग जा, त्याच्या लेकाला आधी सांग," ती म्हणाली. "मी बसते हितं."