मल्लव्वाचे विरजण

मल्लव्वा आमच्या गल्लीत राहून दही-ताक विकायची. नवरा वारल्यावर ती अक्कलकोटकडच्या माहेरून सोलापुरात आली, तेव्हा आईच्या घरचे विरजण वाटीत घालून, वाटी मांडीवर धरून आली होती. ते तिने एक दिवसही मरू दिले नव्हते. दूध आंबवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, रोज नवे दूध मिळाले तरच जगतात आणि सगळ्या घरचे सारखे नसतात, हे आता पुस्तकांत असते. मल्लव्वाला एवढेच ठाऊक होते की इतरांच्या विरजणाने उन्हाळ्यात दह्याला तार सुटते आणि तिच्या दह्याची वडी कापून निघते. गिरणीच्या फाटकावर तिला गिऱ्हाईक होते ते त्यासाठीच. विरजण गेले असते तर तिची चूलही गेली असती.

ती कानडी, विरजणाला हेप्पु म्हणे. समोरची सुंदरम्मा तेलुगू विणकराची बायको, ती तोडु म्हणे. सुंदरम्माच्या घरी दहीभात इतका खपे की विरजणापुरतेही दही उरत नसे. रोज दिवेलागणीआधी ती वाटी घेऊन मल्लव्वाच्या चुलीपाशी येऊन म्हणे, "अक्का, तोडु!"

"रोज तोडायला येतीस. एकदा जोडायला ये की," असे म्हणत मल्लव्वा वाटीत दही घाली.

गिरणीत संप झाला त्या उन्हाळ्यात फाटकावर दगड आणि काठ्या रोजच्याच झाल्या. मालकाने बाहेरगावची माणसे कामाला आत घेतली. त्यांना मल्लव्वाचे ताक जाते, हे संपवाल्यांना कळले. एका संध्याकाळी कुंडलिक नावाचा, गिरणीत माग चालवणारा साचेवाला आपली माणसे घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"मावशे, तुजं ताक आत जातंय, व्हय का न्हाय?"

"जातंय. कालपतोर तू बी पीत हुतास की."

"आमची पोरं उपाशी, आन् तू त्या गद्दारास्नी थंड करतीस?"

"मग जा, गिरणी फोड. माज्या गाडग्यांवर मर्दुमकी कशाला?"

कुंडलिकची माणसेच हसली. त्याने चिडून दारातले गाडगे लाथेने फोडले. तरी बाकीचे जागचे हलले नाहीत. बाईच्या घरात शिरायला ते कचरत होते.

सुंदरम्माने हे आपल्या उंबऱ्यातून पाहिले. गाडगी फुटली तर नवी येतील, विरजण गेले तर परत यायचे नाही. ते तरी आपल्या हाती यावे म्हणून वाटी उंचावून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अक्का, तोडु! तोडु!"

जमावाला ते मराठीच वाटले. शेजारीणच तोडा म्हणते आहे, मग काय! सगळे आत घुसले. डेरा उपडा झाला, शिंकी तुटली, गाडगी भिंतीवर आपटली. मल्लव्वाने रवी उचलून कुंडलिकच्या कपाळावर हाणली. कपाळ फुटले, रक्त सांडलेल्या दह्यात पडले. मग कुणाची तरी काठी तिच्या उजव्या हातावर बसू लागली, ती बोटे मोडेपर्यंत थांबली नाही. सुंदरम्मा त्या पायांखाली शिरली. पाठीत लाथा खात तिने एका खापरात राहिलेले बोटभर दही वाटीत ओढले आणि वाटी पदराखाली धरून पळाली.

गल्लीने एवढेच पाहिले, की हिने तोडायला सांगितले आणि वर दहीही पळवले.

दुसऱ्या दिवशी निरोप पोचताच मल्लव्वाचा धाकटा भाऊ शिवयोगी काठी घेऊन आला. मल्लव्वा तापाने ग्लानीत होती, तेव्हा झाले ते त्याला गल्लीने सांगितले. त्याने सुंदरम्माला केसांना धरून रस्त्यावर ओढले. तिचा नवरा आडवा आला, तो खांद्यावर काठी बसून कोसळला.

"तोडू कोण म्हणालं? तूच ना?"

"मीच बोलली. तोडु पायजे होता," सुंदरम्मा रडत म्हणाली.

फटका तिच्या पाठीत बसला. ती किंकाळी ऐकून मल्लव्वा भिंत धरत बाहेर आली. हात चिंध्यांत गुंडाळलेला, चेहरा सुजलेला. भावाची काठी पुन्हा वर गेली होती.

"सुंदरम्मा, तोडु!" मल्लव्वा ओरडली.

शिवयोगी थबकला. "काय तोडू, अक्का?"

"तू गप, तम्मा. तुला न्हाय म्हनले."

सुंदरम्मा धडपडत उठली, आत गेली आणि एक गाडगे घेऊन आली. त्यात दही घट्ट लागले होते. मल्लव्वाने डाव्या हाताचे बोट बुडवून चाखले.

"आपल्या अव्वाच्या घरचंच हाय. हेप्पु. हिच्या भाषेत ह्याला तोडु म्हणत्यात," ती भावाला म्हणाली. "आता हान हिला."

काठी खाली आली, पण सुंदरम्माच्या पाठीवर नाही.

मल्लव्वाची बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. कुंडलिकच्या कपाळावरचा वणही गेला नाही. संप मिटल्यावर तो ताक प्यायला येई, तेव्हा दोघे एकमेकांकडे बघत नसत. सुंदरम्मा मात्र त्या शब्दाला भ्याली होती. वाटी पुढे करून ती हळूच म्हणे, "अक्का, विरजण."

"तोंडात मारीन," मल्लव्वा म्हणे. "तोडु म्हण. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे."