विमान उतरेपर्यंत

मी एका कारखानदाराचं खासगी विमान चालवते. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हवाई सुंदरी येते, ते असो. माझ्या वडिलांच्या डोळ्यांपुढे मात्र विमानच असायचं, कारण ते फोनवर दिसायचं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्यांना तेवढाच उद्योग होता. नकाशावर विमानं दाखवणारं ॲप त्यांनी माझ्याकडूनच शिकून घेतलं. "पोरगी आत्ता जोधपूरवर हे," असं ते खालच्या बाकावरच्या मित्रांना सांगायचे, जणू मी द्वारका सर्कलच्या सिग्नलला उभी आहे.

लासलगावात त्यांनी जन्मभर कांद्याची अडत केली. शेवटचा ट्रॅक्टर खाली होईपर्यंत घास घ्यायचा नाही, हा त्यांचा तिथला नेम. तोच त्यांनी मला लावला. माझं विमान उतरल्याशिवाय जेवायचं नाही. त्यांना साखरेचा आजार, जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिनची सुई, आणि वर हा हट्ट. मी भांडले, आईने कपाळावर हात मारून घेतला. माल वाटेत असताना माणूस जेवतो का, एवढंच त्यांचं उत्तर. शेवटी तोडगा निघाला. मी निघताना उतरायची वेळ कळवायची आणि त्या हिशेबाने त्यांनी सुई घ्यायची.

त्या खेपेला आम्ही ताश्कंदहून परतत होतो. अफगाणिस्तान, मग पाकिस्तान, आणि थेट मुंबई. पाकिस्तानवरून जायची परवानगी हातात होती. दुपारी एकपर्यंत उतरते, असं मी वडिलांना कळवलं. अफगाणिस्तानावर विमान ॲपवरून गायब होतं, हे त्यांना पाठ होतं. पुढे कधी लगेच दिसायचं, एकदा तर थेट गुजरातवर उगवलं होतं. त्यामुळे त्यांचा भरवसा नकाशापेक्षा घड्याळावर जास्त होता.

हद्दीच्या अलीकडे मी रेडिओवर परवानगीचा नंबर सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, भारतीय विमानांना आता बंदी आहे, मागे फिरा. दोन्हीकडे वातावरण तापलेलं होतंच. मी पुन्हा विचारलं. तेव्हा इंग्रजी सोडून तो हळूच म्हणाला, "मॅडम, मेरे हाथ में नहीं है." त्याच्यावर चिडून काय उपयोग होता? तरी चिडले, आणि विमान ताश्कंदकडे वळवलं.

इकडे वडिलांनी नेहमीच्या हिशेबाने सुई घेतली होती. एक वाजून गेला तरी विमान दिसेना. आईने ताट वाढलं. दिसू दे आधी, म्हणाले. आईने दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा ते तिच्यावर खेकसले. मग सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटले. वाट बघताना त्यांना डुलकी लागायचीच. आईने ताट झाकलं, आणि झोपमोड नको म्हणून त्यांच्या हातातला फोन काढून त्याचा आवाज बंद केला. ताश्कंदला उतरून, विमानतळावरच्या चौकशीतून सुटल्यावर मी लावलेले सगळे फोन तसेच गेले; घरात दुसरा फोन नव्हता.

विमान सहवैमानिकाच्या हवाली करून मी दुसऱ्या दिवशी दुबईवरून वळसा घालत घरी पोचले. संध्याकाळपर्यंत उठेनात म्हणून शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलेले वडील तिथेच गेले होते, शुद्धीवर न येता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ती झोप नव्हती, साखर उतरत गेली होती. वेळेवर जागं करून चमचाभर साखर दिली असती तर बहुतेक वाचले असते. तो सरळ रस्ता उघडा असता तर माझे वडील त्या दिवशी जेवले असते. दोन देशांचं काय बिनसलं होतं ते असेल मोठं, मला माझे वडील हवे होते. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी हमसून हमसून रडले.

अमरधामहून अंत्यविधी उरकून आल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. डॉक्टर काय म्हणाले, असं तिने विचारलं. झोपेतच गेले, मी सांगितलं.

तिने पदराने तोंड पुसलं. "लय शांत झोपले होते गं. एकदा वाटलं, हलवून उठवावं. बरं झालं, नाही उठवलं."

"हो आई," मी म्हणाले, "बरं केलंस."